"बोलेल हो, घाई काय आहे?"



दरवर्षी स्मरणिका हातात पडली की आम्ही आधी फोटो बघतो, मग पाककृती आणि मग सावकाश लेख. यंदा लेख लिहिण्याची पाळी आमच्यावरच आली. मंडळाच्या ह्या वर्षीच्या निधीचा विषय "मुलांचे बोलणे" असा ठरला आणि कार्यकारिणीतल्या एका ताईंनी फोनवर सांगितले, "तुमच्या घरात घडलंय ते, तुम्हीच लिहा." आम्ही नवरा-बायको दोघेही सॉफ्टवेअरवाले. डॉक्टर नाही, थेरपिस्ट नाही. त्यामुळे इथे आहे ते आमच्या घरातले अनुभव आणि त्या निमित्ताने वाचून, विचारून, खात्री करून घेतलेली माहिती. तुमच्या मुलाचा निर्णय तज्ज्ञांना विचारूनच घ्यावा. पण विचारायला उशीर करू नका, एवढेच सांगण्यासाठी हा लेखनप्रपंच!

त्याचे बाबासुद्धा उशिराच बोलले

आमचा धाकटा दोन वर्षांचा झाला तेव्हा धावायचा, जिने चढायचा, डब्यांची झाकणे बरोबर लावायचा. काही हवे असले की आमचा हात धरून फ्रिजपर्यंत न्यायचा. शब्द मात्र मोजकेच. काळजी वाटायची, पण धीर द्यायला माणसे भरपूर होती. "मुलगे उशिराच बोलतात." "ह्याचा बाबा तीन वर्षांचा होईपर्यंत गप्प होता, आता बघा, थांबत नाही!" "बोलेल हो, घाई काय आहे?" सगळे प्रेमाने बोलत होते आणि आम्हालाही नेमके तेच ऐकायचे होते. आमच्या धंद्यात एक वाईट खोड असते. वॉर्निंग आली तरी प्रोग्रॅम चालतोय ना, मग चला पुढे! आम्ही घरातही तेच केले.

दोन वर्षांच्या तपासणीला एका डॉक्टरांच्या ऑफिसात आम्हाला सांगण्यात आले, "घरात दोन भाषा आहेत, मूल गोंधळलंय. एकच ठेवा, इंग्लिश." आम्ही आज्ञाधारक. त्याच संध्याकाळपासून घरात मराठी बंद!

पुढचे आठ महिने आठवले की अजूनही अपराधी वाटते. आमचे इंग्रजी ऑफिसचे. त्यात मीटिंग घेता येते, डेडलाइन पाळता येते, पण मुलाला न्हाऊ घालताना लाडाने काय बोलायचे ते सुचत नाही. हळूहळू आमचेच बोलणे कमी झाले. "कम", "सिट", "ईट", संपले. साताऱ्याहून आजीचा फोन यायचा. तिने कॅलेंडरच्या मागच्या कोऱ्या बाजूला इंग्रजी वाक्ये देवनागरीत लिहून घेतली होती आणि ती एकेक करून वाचायची. तीन वाक्ये झाली की तिचा आवाज पडायचा. एरवी तासभर गप्पा मारणारी आजी दोन मिनिटांत "ठेवते रे" म्हणायची. आणि एवढे करून मुलाच्या बोलण्यात भर पडली दोन-चार शब्दांची!

शेवटी मंडळाच्या गणपतीत, महाप्रसादाच्या रांगेत, शाळेत काम करणाऱ्या एका ताईंनी त्याला बराच वेळ पाहिले आणि विचारले, "अर्ली इंटरव्हेन्शनला फोन केलात का?" आम्ही ते नावच पहिल्यांदा ऐकत होतो.

जमिनीवर बसलेली परीक्षा

अर्ली इंटरव्हेन्शन म्हणजे जन्मापासून तीन वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी अमेरिकेतली सरकारी मदत. १९८६ च्या केंद्रीय कायद्यातून ती सुरू झाली आणि प्रत्येक राज्यात आहे. डॉक्टरांची चिठ्ठी लागत नाही, पालक स्वतः फोन करू शकतात. फोन केल्यापासून ४५ दिवसांत तपासणी आणि पहिली नियोजनाची बैठक व्हावी असा नियम आहे. तपासणी मोफत असते. पुढच्या सेवांना काही राज्यांत पैसे पडत नाहीत, तर आमच्या न्यू जर्सीसारख्या काही राज्यांत उत्पन्नाप्रमाणे कुटुंबाला वाटा द्यावा लागतो.

आमच्याकडे दोघीजणी आल्या. टेबल-खुर्ची नाही, सरळ कार्पेटवर बसल्या आणि त्याच्याशी खेळू लागल्या. आम्हाला पहिला प्रश्न आला, "कान तपासलेत का?" आम्ही म्हणालो, "जन्मल्यावर हॉस्पिटलात तपासले होते, ऐकतो की!" तेव्हा कळले की जन्माच्या वेळी ऐकू येत असले तरी नंतर फरक पडू शकतो. सर्दीनंतर कानाच्या पडद्यामागे पाणी साचून राहते, आणि मग मुलाला आपले बोलणे पाण्याखालून ऐकल्यासारखे येते. म्हणून बोलण्याची शंका आली की ऑडिओलॉजिस्टकडे कान तपासणे ही पहिली पायरी. आमच्या मुलाचे कान ठीक निघाले.

मग शब्द मोजायला घेतले. इंग्रजीत निघाले चौदा. तिने विचारले, "आणि तुमच्या भाषेत?" आम्ही ओशाळून म्हणालो की ती बंद केली आहे. ती हसली नाही, रागावलीही नाही. म्हणाली, "तरी सांगा." मग "माऊ", "भूर", "मम्मम्", "बाऊ", "दे" असे निघता निघता यादी एकतीसवर गेली. म्हणजे अडचण होतीच, पण वाटत होती तेवढी मोठी नव्हती. आणि तिचे कारण मराठी तर नक्कीच नव्हते!

फक्त एक गोष्ट परत मिळाली नाही. तो आता दोन वर्षे आठ महिन्यांचा होता आणि ही सेवा तिसऱ्या वाढदिवसाला संपते. आमचे आठ महिने "वाट बघण्यात" गेले होते.

वाचा वेगळी, भाषा वेगळी

स्पीच थेरपी म्हटले की जिभेचे व्यायाम, असे आमच्या डोक्यात होते. प्रत्यक्षात ह्या थेरपिस्ट निदान तीन वेगवेगळ्या गोष्टी बघतात.

पहिली म्हणजे उच्चार. "काका" ला "ताता" म्हणणे, "गाडी" ला "दादी" म्हणणे. लहानपणी हे सगळीच मुले करतात. "र" आणि "ळ" सारखे आवाज तर बरेच उशिरा बसतात. पण तीन वर्षांच्या मुलाचे बहुतेक बोलणे घराबाहेरच्या माणसाला कळत नसेल, तर दाखवून घ्यावे.

दुसरी म्हणजे भाषा. किती शब्द कळतात, किती वापरतो, दोन शब्द जोडतो का, सांगितलेले समजते का. आमची अडचण ही होती.

तिसरी म्हणजे अडखळणे. साधारण शंभरात पाच मुले लहानपणी केव्हातरी अडखळत बोलतात आणि त्यांतली बहुतेक पुढे सुधारतात. अशा मुलाला "हळू बोल, नीट बोल, श्वास घे" असे सांगू नये. आपणच सावकाश बोलावे आणि त्याचे वाक्य त्याला पुरे करू द्यावे. पण अडखळणे सहा महिन्यांहून जास्त टिकले किंवा मुलाला त्याचा त्रास होऊ लागला, तर थेरपिस्टला जरूर दाखवावे.

कधी फोन उचलायचा?

सीडीसी ह्या सरकारी संस्थेने आपली यादी २०२२ मध्ये सुधारली. निदान चारांतली तीन मुले त्या वयात जे करतात, ते तिच्यात दिले आहे. त्यातले बोलण्यापुरते थोडक्यात असे:

- ९ महिने: नावाने हाक मारली की बघते, "मामामा, बाबाबा" असे आवाज काढते.
- १ वर्ष: हात हलवून टाटा करते, आई-बाबांना काहीतरी नावाने हाक मारते.
- दीड वर्ष: आई-बाबा सोडून निदान तीन शब्द बोलायचा प्रयत्न करते. गंमत दाखवण्यासाठी बोट करते.
- २ वर्षे: दोन शब्द जोडते. "अजून दूध", "बाबा गेला".
- अडीच वर्षे: साधारण ५० शब्द.

इथे "शब्द" म्हणजे शुद्ध उच्चार नव्हे. कुत्रा दिसला की दर वेळी "भूभू" म्हणत असेल तर तो शब्दच! आणि दोन्ही भाषांचे शब्द मिळवायचे. "दूध" एक आणि "मिल्क" एक, झाले दोन.

ह्यातले एखादे दिसत नसेल म्हणून घाबरून जायचे कारण नाही, तपासून घ्यायचे कारण आहे. उशिरा बोलणारी बरीच मुले आपोआप बरोबरीला येतात हे खरे. पण सगळी येत नाहीत, आणि कुठले येईल व कुठले नाही हे घरबसल्या सांगता येत नाही. मदत लवकर घेऊन ती लागली नाही, तर गेली एक दुपार. उशिरा घेतली तर काय जाते ते आम्ही वर लिहिलेच आहे. आणि एक गोष्ट अजिबात थांबू नये अशी: येत असलेले शब्द किंवा हावभाव मूल विसरू लागले, तर कुठल्याही वयात लगेच डॉक्टरांना सांगा. दीड आणि दोन वर्षांच्या तपासणीत ऑटिझमची प्रश्नावली भरून घ्यावी असा इथल्या बालरोगतज्ज्ञांच्या संस्थेचा सल्ला आहे. ती मिळाली नाही तर मागून घ्या.

मराठी सोडू नका!

हा परिच्छेद आम्ही ठळक अक्षरांत छापायला सांगणार होतो. दोन भाषांमुळे मुलाचे बोलणे लांबत नाही. गोंधळही होत नाही. एकाच वाक्यात "मला वॉटर दे" म्हणणे हा गोंधळ नाही, हाताशी आहे तो शब्द वापरणे आहे. आपणही दिवसभर तेच करतो की!

खरी भाषेची अडचण असेल तर ती दोन्ही भाषांत दिसते. घरी मराठीत धडाधड बोलणारे मूल प्रीस्कूलमध्ये काही महिने गप्प राहिले, तर ते बहुधा नवी भाषा ऐकून घेत असते. म्हणूनच तपासणी घरच्या भाषेतही व्हावी असे कायदा सांगतो. शक्य तिथे दुभाषा मिळतो, तो मागायला लाजू नका. डाउन सिंड्रोम किंवा ऑटिझम असलेली मुलेसुद्धा दोन भाषा शिकू शकतात असे अभ्यासांत दिसले आहे. त्यांना तर आजी-आजोबांशी बोलण्याची गरज इतरांपेक्षा कमी नसते.

थेरपिस्टने आम्हाला साध्या शब्दांत सांगितले: मुलाला भाषा शिकवायला तुमची सगळ्यात श्रीमंत भाषा वापरा. ज्या भाषेत तुम्ही रागावता, हसता, गोष्ट सांगता ती. त्याच संध्याकाळी आम्ही पुन्हा मराठी सुरू केली.

आठवड्याचे १६८ तास

थेरपिस्ट आठवड्यातून एक तास येणार. आठवड्यात तास असतात १६८. बाकीच्या १६७ तासांत काय करायचे, हे शिकवणे म्हणजेच खरी थेरपी! आम्हाला जे शिकवले त्यातले घरोघरी चालेल असे सांगतो.

पहिले, प्रश्न कमी करा. आपल्याकडे पाहुणे आले की मुलाची तोंडी परीक्षाच सुरू होते. "हे काय? तो कोण? काकांना कविता म्हणून दाखव!" उत्तर आले नाही की सगळे हिरमुसतात आणि मूल आणखी मिटते. त्यापेक्षा जे चालले आहे ते बोला. "गाडी आली. गाडी थांबली."

दुसरे, त्याच्या उंचीवर बसा आणि तो जे बघतोय त्याबद्दल बोला. आम्ही रंग शिकवायला जायचो आणि त्याचे लक्ष असायचे चाकाकडे. मग चाकच शिकवा ना!

तिसरे आणि सगळ्यात कठीण, थांबा. काही बोललात की मनात दहा आकडे मोजा. आम्ही पहिल्यांदा मोजले तेव्हा कळले की आम्ही त्याला दोनसुद्धा आकड्यांची सवड देत नव्हतो. झोपाळ्यावर "एक... दोन..." म्हणून थांबायचे आणि त्याच्याकडे बघायचे. आठव्या की नवव्या दिवशी "ती!" आले. "तीन" मधला "न" आला नाही म्हणून आमचे काही बिघडले नाही.

चौथे, एक शब्द वाढवून परत द्या. तो म्हणाला "गाडी", तुम्ही म्हणा "लाल गाडी". तो म्हणाला "बाबा गेला", तुम्ही म्हणा "हो, बाबा ऑफिसला गेला". चूक काढायची नाही, बरोबर करून परत द्यायचे.

पाचवे, निवड द्या. हातात दोन्ही धरून, "दूध की पाणी?" त्याने बोट दाखवले तरी चालेल, शब्द आपण जोडायचा. बोलल्याशिवाय खाऊच द्यायचा नाही, हा हट्ट मात्र करू नका. त्याने मूल बोलत नाही, रडते.

सहावे, रोजची कामे म्हणजेच वर्ग. पोळ्या करताना त्याला स्टुलावर बसवायचे, तव्यापासून लांब. "लाट, लाट... टाक... फुगली!" रोज तेच शब्द, त्याच क्रमाने. ह्याला वेगळा वेळ लागत नाही, हे आमच्यासारख्या दोन्ही नोकऱ्यांच्या घराला फार सोयीचे! कार्टून बघून मूल शब्द म्हणायला शिकेलही, पण बोलायला शिकते ते उत्तर देणाऱ्या माणसाकडून. आजीचा व्हिडिओ कॉल त्यामुळे "स्क्रीन टाइम" मध्ये धरायचा नाही, कारण पलीकडून उत्तर येते.

शब्द आलेच नाहीत तर?

हेही लिहिले पाहिजे. प्रत्येक मूल तोंडाने बोलेलच असे नाही, आणि त्यात आई-वडिलांचा दोष नसतो. आमच्या ओळखीच्या एका घरातली मुलगी टॅबलेटवरच्या चित्रांना बोट लावून बोलते. काय हवे, काय नको, कुठे दुखते, सगळे सांगते. चित्रे वापरली की मूल बोलायचा कंटाळा करेल, अशी भीती असते. अभ्यासांत तसे आढळलेले नाही. उलट काही मुलांचे बोलणे वाढल्याचे दिसले आहे. मुंबईच्या आयआयटीत तयार झालेले जेलो नावाचे असे ॲप मोफत आहे आणि ते मराठीतही चालते. मुलाला आधी सांगता येऊ द्या, कशाने सांगितले हा नंतरचा प्रश्न.

इथे कोणाला विचारायचे?

मूल तीन वर्षांच्या आतले असेल तर आपल्या राज्याच्या अर्ली इंटरव्हेन्शनला. तीन पूर्ण झाली असतील तर आपल्या स्कूल डिस्ट्रिक्टला, मूल अजून शाळेत जात नसले तरीही. तपासणीची विनंती लेखी द्या आणि तारीख घालून एक प्रत आपल्याकडे ठेवा. मूल पात्र ठरले तर शाळेतून थेरपी मोफत मिळते. आधीच अर्ली इंटरव्हेन्शन चालू असेल तर तिसऱ्या वाढदिवसाच्या निदान ९० दिवस आधी पुढच्या सोयीची बैठक व्हायला हवी. ती कोणी बोलावली नाही तर तुम्हीच आठवण करा. आमच्या मुलाला तीन वर्षांनंतर शाळेतून आठवड्यातून दोनदा थेरपी मिळाली.

आणि तिकडे?

ही सगळी सोय आम्हाला एका फोनवर मिळाली. हेच मूल आमच्या गावाकडे जन्मले असते तर?

भारतात काही नाही असे मुळीच नाही. म्हैसूरची वाक् आणि श्रवण संस्था १९६५ पासून आहे, मुंबईत वांद्र्याला अली यावर जंग राष्ट्रीय संस्था १९८३ पासून. २०१३ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात अंगणवाडी आणि सरकारी शाळांतल्या मुलांची तपासणी होते. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात वाचा आणि भाषेच्या अडचणींचा स्पष्ट उल्लेख आहे. पण थेरपिस्ट मुख्यतः मोठ्या शहरांत. तालुक्याच्या गावातल्या आईला एका तासाच्या थेरपीसाठी एसटीने जाऊन-येऊन अख्खा दिवस लागतो आणि तिचा त्या दिवसाचा रोज बुडतो. चार-सहा खेपा झाल्या की येणे थांबते. मग तिलाही कोणीतरी म्हणतेच, "बोलेल हो, घाई काय आहे?"

म्हणून आपल्या मंडळाने यंदाचा निधी महाराष्ट्रातल्या अशा एका बालविकास केंद्राला द्यायचे ठरवले आहे. तो तीन कामांना जाईल: मुलांच्या कानांच्या तपासण्या, पालकांचे एसटी भाडे आणि बुडालेला रोज, आणि वर लिहिलेल्या "१६७ तासां"साठी आयांना, आज्यांना व अंगणवाडी ताईंना मराठीतून प्रशिक्षण. इमारत नाही, पाटी नाही. फोटोत दाखवण्यासारखे फार काही नसेल. पण आठवड्याच्या एका तासाला जोडून बाकीचे तास मिळाले तर काय होते ते आम्ही आमच्या स्वयंपाकघरात पाहिले आहे.

आमचा धाकटा आता सात वर्षांचा आहे. गेल्या रविवारी आजीला व्हिडिओ कॉलवर सांगत होता, "आजी, थांब, पोली फुगली की दाखवतो." "पोळी" अजून "पोली" आहे. आजीनेही ती दुरुस्त केली नाही. नुसती म्हणाली, "दाखव, दाखव, तुझी पोळी बघायला मी बसलेय." मग दोघांनी पंचेचाळीस मिनिटे आमचा फोन अडवून ठेवला आणि आम्हाला ऑफिसचा एक कॉल चुकवावा लागला!

स्मरणिकेच्या शेवटच्या पानावर देणगीचा फॉर्म आहे. खारीचा वाटा म्हणून जमेल तेवढे द्या. आणि आज कार्यक्रमात एखादे मूल आई-बाबांचा हात धरून, न बोलता काहीतरी दाखवत असेल, तर त्याच्या आई-बाबांना धीर जरूर द्या, पण सोबत कुठे फोन करायचा तेही सांगा. आम्हाला त्या ताईंनी सांगितले, तसेच.